बाण, दार आणि किल्ली : पॉइंट-अँड-क्लिक साहसखेळांचा उदय आणि अस्त

पॉइंट-अँड-क्लिक साहसखेळ हा संगणकावरील कथाप्रधान खेळांचा एक प्रकार आहे. पडद्यावर एखादी खोली, गल्ली, बंदर किंवा जहाजाचा तळ दिसतो. माउसचा बाण वस्तूवर न्यायचा, टिचकी मारायची आणि आपल्या पात्राकडून ती वस्तू पाहणे, उचलणे, उघडणे किंवा दुसऱ्या वस्तूशी जोडणे अशी कामे करून घ्यायची, एवढेच त्याचे तंत्र. बोटांच्या चपळाईला इथे महत्त्व नसते. खेळणारा अर्धा तास एकाच कुलपापुढे बसून राहिला तरी खेळ त्याची वाट पाहतो. कोडे सुटले की कथा एक पाऊल पुढे सरकते, न सुटले की तिथेच थांबते. १९८७ ते १९९८ हा या प्रकाराचा वैभवकाळ मानला जातो. आपल्याकडे मात्र हे खेळ उशिरा पोहोचले. नवघर हे आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत असलेले भाईंदर पूर्वेचे जुने गाव. तिथल्या आणि मुंबईच्या उत्तरेकडील इतर वस्त्यांतल्या मध्यमवर्गीय घरांत संगणक येऊ लागला, तेव्हा हा काळ सरत आला होता. इथल्या एका पिढीने उगवता खेळ पाहिला नाही. तिच्या वाट्याला आली ती त्याची संध्याकाळ.

शब्दांतून चित्राकडे

या खेळांचे मूळ अक्षरांत आहे. अमेरिकेतील प्रोग्रॅमर आणि गुहासंशोधक विल क्राउदर याने १९७५-७६च्या सुमारास ‘कलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ हा खेळ लिहिला. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेचा त्याला असलेला अनुभव हा त्याचा पाया होता. १९७७ मध्ये डॉन वुड्स याने त्यात भर घातली. खेळात चित्र नव्हतेच. गुहेचे वर्णन वाचायचे आणि ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टंकायचे, अशी पद्धत होती. पुढे ‘झॉर्क’ या अशाच अक्षरी खेळामुळे इन्फोकॉम ही कंपनी नावारूपाला आली.

१९८० मध्ये रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने ‘मिस्ट्री हाउस’ काढला. अ‍ॅपल टू संगणकावरच्या या खेळात साध्या रेघांची चित्रे होती. याच दांपत्याची कंपनी पुढे सिएरा ऑन-लाइन म्हणून प्रसिद्ध झाली. १९८४च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये राजाचा सरदार चित्रात चालू लागला, झाडामागून जाऊ लागला. आज्ञा मात्र अजून टंकूनच द्यावी लागे. त्यामुळे खेळणाऱ्यासमोर दोन कोडी असत. एक कथेतले आणि दुसरे यंत्राला नेमका कोणता शब्द कळेल याचे. दुसऱ्या कोड्यात आनंद काहीच नव्हता, केवळ वैताग होता.

माउस आणि क्रियापदांची यादी

हा वैताग माउसने संपवला. १९८४ मध्ये अ‍ॅपलचा मॅकिंटॉश बाजारात आला आणि टिचकीने चालणारा संगणक लोकांच्या हाती पडला. पुढच्याच वर्षी आयकॉम सिम्युलेशन्सचा ‘देजा व्हू’ हा गुप्तहेरी खेळ मॅकिंटॉशवर निघाला. त्यात जवळजवळ सगळे माउसने करता येत असे.

या प्रकाराला पक्का आकार दिला तो चित्रपट-दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या लुकासफिल्म गेम्स या विभागाने. तिथे रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी १९८७ मध्ये ‘मेनिअ‍ॅक मॅन्शन’ तयार केला. चित्राखाली क्रियापदांची यादी मांडलेली होती : ढकल, ओढ, दे, उघड, वाच, वापर. क्रियापदावर टिचकी, मग वस्तूवर टिचकी, की वाक्य पूर्ण. संगणकाला कळणारा शब्द शोधत बसण्याची गरज उरली नाही. या खेळासाठी रचलेल्या स्कम या प्रणालीवर पुढची दहा वर्षे कंपनीचे साहसखेळ उभे राहिले. क्रियापदे मात्र हळूहळू घटत गेली. ‘मेनिअ‍ॅक मॅन्शन’मध्ये ती पंधराच्या आसपास होती, १९९१च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये नऊ झाली, आणि १९९७च्या ‘द कर्स ऑफ मंकी आयलंड’मध्ये हात, कवटी आणि पोपट अशा तीन खुणांवर काम भागले.

सिएरा आणि लुकासफिल्म या दोन घराण्यांचा स्वभाव वेगळा होता. सिएराच्या खेळात पात्र पावलोपावली मरत असे. त्याहून वाईट म्हणजे, आरंभी झालेली चूक शेवटाजवळ उघडकीला येई. १९९०च्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’मध्ये भूक लागली म्हणून हातातली पाय ही गोड मिठाई खाऊन टाकली, तर पुढे बर्फात हिममानव समोर येतो तेव्हा त्याच्या तोंडावर मारायला काहीच उरत नाही. खेळ तिथे कायमचा अडतो. गिल्बर्टने १९८९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात अशा रचनेवर सडकून टीका केली. खेळणाऱ्याला शिक्षा करू नये, विनाकारण मारू नये आणि नकळत बंद वाटेवर सोडू नये, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ने १९९० मध्ये हे प्रत्यक्षात करून दाखवले. चुकण्याची भीती गेली आणि खेळणारा निर्धास्तपणे प्रत्येक वस्तूवर प्रत्येक वस्तू लावून पाहू लागला.

कोड्याची घडण

या खेळांचा प्राण कोड्यात आहे. चांगले कोडे आधी अशक्य वाटते आणि सुटल्यावर अगदी उघड वाटते. ‘मंकी आयलंड’मधील तलवारबाजी हे त्याचे उत्तम उदाहरण. तिथे जिंकतो तो हाताने चपळ असलेला नव्हे, तर जिभेने तिखट असलेला. प्रतिस्पर्ध्याने टोमणा मारायचा आणि त्याला चपखल उत्तर द्यायचे. उत्तरे आधी ठाऊक नसतात. हरत हरत, दुसऱ्यांकडून ऐकत ती गोळा करावी लागतात. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या मराठी माणसाला हा डाव परका वाटण्याचे कारण नाही. नवशिक्या शाहीरही मोठ्या फडासमोर हरूनच पुढचा जवाब शिकत आला आहे.

१९९३च्या ‘डे ऑफ द टेंटॅकल’मध्ये तीन मित्र तीन काळांत अडकतात. भूतकाळात केलेला बदल भविष्यात फळाला येतो. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी लहानपणी चेरीचे झाड तोडल्याची दंतकथा तिथे कोड्याचा आधार आहे. भूतकाळातल्या झाडाची फळे लाल रंगवली की वॉशिंग्टन ते चेरीचे समजून तोडतात आणि भविष्यकाळात त्याच झाडाला लटकलेली मैत्रीण सुटते.

याच उदाहरणात या खेळांची मर्यादाही दिसते. कोडे ज्या भाषेत आणि ज्या संस्कृतीत जन्मले, तिथल्या माणसालाच ते पूर्णपणे उलगडते. ‘मंकी आयलंड २’मध्ये एका ठिकाणी नळ फिरवण्यासाठी संमोहित माकडाचाच पान्यासारखा उपयोग करावा लागतो, कारण अमेरिकन इंग्रजीत त्या जातीच्या पान्याच्या नावात ‘मंकी’ हा शब्द आहे. ब्रिटनमध्ये त्या हत्याराला निराळे नाव असल्याने तिथले खेळाडूही चक्रावले. ज्याच्या घरात त्याला नुसते ‘पाना’ म्हणतात, त्या मराठी मुलाला हे उत्तर तर्काने मिळणे शक्यच नव्हते. ते सगळे पर्याय लावून पाहतानाच हाती लागे.

सीडीचा काळ

१९९३ पासून सीडी-रॉममुळे खेळात आवाज, संगीत आणि छायाचित्रासारखी दृश्ये आली. त्या वर्षी सप्टेंबरात रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा ‘मिस्ट’ प्रसिद्ध झाला. निर्जन बेट, जुनी यंत्रे आणि पुस्तकांत बंदिस्त झालेली जगे अशी त्याची मांडणी होती. संवाद फारच थोडे आणि शांतता मोठी. त्याच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत तो वैयक्तिक संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ राहिला.

१९९३ मध्येच जेन जेन्सन यांचा ‘गेब्रिएल नाइट’ आला. रहस्यकथा, इतिहास आणि लोकश्रद्धा यांची त्यातली वीण कादंबरीच्या तोडीची होती. ब्रिटनमधील रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरने १९९४ मध्ये ‘बिनीथ अ स्टील स्काय’ आणि १९९६ मध्ये ‘ब्रोकन स्वोर्ड’ दिले. मात्र खर्चही वाढत गेला. खऱ्या नटांचे चित्रीकरण वापरणारा सिएराचा १९९५चा ‘फँटॅस्मागोरिया’ सात सीडींवर विकला जात होता.

नवघरच्या वाटेने

नवघर आणि त्याच्या भोवतालच्या भागाची जुनी ओळख शेती आणि मिठागरांची. १९८५ मध्ये आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९९१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. दहा वर्षांत ती पाच लाखांच्या पुढे गेली. मुंबईत घर परवडत नसलेली कुटुंबे लोकलच्या भरवशावर इथे राहायला आली. नवघर रोडच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या.

ही वस्ती वाढत होती तेव्हाच घरगुती संगणक आवाक्यात येऊ लागला होता. भारत १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणक व त्याच्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आणण्याचे बंधन त्याने स्वीकारले. मुंबईकरांसाठी सुट्या भागांची मोठी पेठ म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेडिओच्या सुट्या भागांसाठी जुनी ख्याती असलेला हा रस्ता नव्वदीत संगणकाचा बाजार झाला. भाईंदर आणि ग्रँट रोड ही दोन्ही स्थानके पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावर असल्याने असेंबल केलेला पीसी उपनगरात आणणे सोपे होते.

त्याच बाजारातून खेळही आले, आणि बहुतेक चोरप्रतींच्या रूपाने आले. एका सीडीवर अनेक खेळ भरलेले असत. संगणकविषयक मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडीवर खेळांचे नमुनेही असत. ‘चिप’ आणि २००१ पासून त्याच नियतकालिकाचे नवे रूप असलेले ‘डिजिट’ हे मुंबईतून निघत. चोरप्रतीमुळे खेळ स्वस्तात हाती आला, पण अर्धाच आला. मूळ पेटीत पुस्तिका असे, नकाशा असे, आणि ‘मंकी आयलंड’सारख्या खेळात नक्कल रोखण्यासाठी चाचे लोकांच्या चेहऱ्यांची फिरती कागदी चकतीही असे. सिएरा सूचनांच्या पुस्तिका वेगळ्या विकत असे. यांपैकी काहीच चोरप्रतीच्या सीडीबरोबर येत नव्हते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते, पण फोनच्या तारेवरून मिळणारी ती सेवा तासांच्या हिशेबाने महाग पडे. अडलेल्या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी ती वापरणे सामान्य घराला परवडणारे नव्हते.

मराठी वाचकाला रहस्यकथेची चव मात्र आधीपासून होती. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके वाचनालयांतून हातोहात फिरत. सुगावा शोधणे, संशयितांची उत्तरे ताडून पाहणे, शेवटच्या पानापर्यंत तर्क लढवणे ही सवय त्या वाचनाने लावली होती. साहसखेळ हे त्याच सवयीचे पडद्यावरचे रूप होते. फरक एवढाच की पुस्तकातला गुप्तहेर वाचकासाठी थांबत नाही, आणि खेळातला गुप्तहेर खेळणाऱ्याने उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही.

घरात संगणक एक आणि बघणारे अनेक, ही त्या काळच्या छोट्या सदनिकांतली सहज स्थिती. मारधाडीच्या खेळात बघणाऱ्याला काम नसते. साहसखेळात मात्र पाठीमागे बसलेल्या धाकट्या बहिणीलाही ‘ती दोरी वापरून बघ’ असे सुचवता येते. हे खेळ एकट्यासाठी रचलेले असले तरी चारजणांत उत्तम चालणारे होते.

अस्ताची कारणे

या प्रकाराचा अस्त एकाच कारणाने झाला नाही. पहिले कारण तंत्राचे. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा गोळीबाराचा खेळ आला आणि १९९६ मध्ये ‘क्वेक’, ‘टूम रेडर’ आणि थ्रीडीएफएक्स कंपनीचे त्रिमितीय चित्रांसाठीचे वूडू कार्ड आले. नवे हार्डवेअर विकत घेणाऱ्याला त्याची ताकद दाखवणारा खेळ हवा होता. हाताने रंगवलेल्या स्थिर चित्रांना ती ताकद दाखवता येत नव्हती.

दुसरे कारण हिशेबाचे. साहसखेळात प्रत्येक खोली, प्रत्येक संवाद आणि प्रत्येक कोडे एकदाच वापरले जाते. गोळीबाराच्या खेळात तीच बंदूक आणि तोच शत्रू शेकडो वेळा उपयोगी पडतो. चित्रे आणि आवाज महाग झाले तशी ही तफावत कंपन्यांना परवडेनाशी झाली. टिम शेफर याचा ‘ग्रिम फँडँगो’ १९९८ मध्ये निघाला. त्याची समीक्षकांनी मुक्तकंठाने स्तुती केली, पण विक्री अपेक्षेइतकी झाली नाही.

तिसरे कारण खेळांनी स्वतः ओढवून घेतलेले. कोडी अवघड करण्याच्या नादात ती अतर्क्य होत गेली. १९९९च्या ‘गेब्रिएल नाइट ३’मध्ये नायकाला दुसऱ्याच्या ओळखपत्रावर मोटरसायकल मिळवायची असते. त्यासाठी मांजराच्या केसांची खोटी मिशी करून लावायची, आणि ज्याचे सोंग घ्यायचे त्याला मुळात मिशीच नसते. हे कोडे पुढे या प्रकाराच्या ऱ्हासाचे प्रतीक ठरले.

चौथे कारण उत्तरांच्या सुलभतेचे. इंटरनेट पसरले तसे प्रत्येक खेळाचे पायरीपायरीने केलेले उत्तरपत्रक फुकट मिळू लागले. आठवडाभर पुरणारे कोडे दोन मिनिटांत सुटू लागले आणि अडून राहण्यातला रस आटला.

उपनगरांत पाचवे कारणही होते, ते म्हणजे सायबर कॅफे. तिथे संगणक तासावर मिळे. साहसखेळ महिनाभर चालतो, तो अर्धवट जपून ठेवावा लागतो आणि त्यात विचार करण्यात वेळ जातो. तासाला पैसे मोजणाऱ्या मुलाला हे परवडत नाही. गोळीबाराच्या ‘काउंटर-स्ट्राइक’चा डाव काही मिनिटांत संपतो आणि शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राशी खेळता येतो. पाठोपाठ मोबाइल आला. मुंबईत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियागेम्ससारख्या भारतीय कंपन्यांचा भर पुढे मोबाइलवरील छोट्या खेळांवर राहिला.

दोन्ही घराण्यांचा शेवट थोड्या काळाच्या अंतराने झाला. सिएरा १९९६ मध्ये विकली गेली आणि २२ फेब्रुवारी १९९९ रोजी तिच्या कॅलिफोर्नियातील ओकहर्स्ट येथील मूळ कार्यालयात मोठी कर्मचारीकपात झाली. लुकासआर्ट्सचा, म्हणजे पूर्वीच्या लुकासफिल्म गेम्सचा, शेवटचा मोठा साहसखेळ ‘एस्केप फ्रॉम मंकी आयलंड’ २००० मध्ये आला. त्यानंतर ‘फुल थ्रॉटल’चा पुढचा भाग २००३ मध्ये आणि ‘सॅम अँड मॅक्स’चा २००४ मध्ये तयार होत असतानाच रद्द झाला. २०१३ मध्ये डिस्नीने लुकासआर्ट्समधील खेळनिर्मितीच बंद केली.

उत्तरायुष्य

बाजाराने सोडलेले हे खेळ चाहत्यांनी जपले. २००१ मध्ये सुरू झालेल्या स्कमव्हीएम या मुक्त प्रकल्पाने जुने खेळ नव्या यंत्रांवर चालतील अशी सोय केली. २००३ मध्ये ‘बिनीथ अ स्टील स्काय’ कायदेशीरपणे मोफत झाला. ब्रिटनमधील क्रिस जोन्स याने नव्वदीच्या अखेरीस बनवलेले अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ हे साधन एकट्यादुकट्याला असा खेळ रचण्याची मुभा देते. चेक प्रजासत्ताकातील अमानिता डिझाइनने २००९च्या ‘मशीनेरियम’मध्ये एकही संवाद न लिहिता संपूर्ण कथा सांगितली.

२०१२ मध्ये टिम शेफरच्या डबल फाइन कंपनीने नव्या साहसखेळासाठी लोकवर्गणी मागितली. ८७ हजारांहून अधिक लोकांनी ३३ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली आणि त्यातून ‘ब्रोकन एज’ तयार झाला. रॉन गिल्बर्टने २०१७ मध्ये ‘थिंबलवीड पार्क’ आणि २०२२ मध्ये ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ काढला. हा प्रकार आता मोठ्या उद्योगाचा आधार राहिलेला नाही. तो छोट्या कारागिरांच्या हाती आला आहे आणि तिथे तो टिकून आहे.

आपल्या बाजूलाही याच्या खुणा दिसतात. गोव्यातील फ्रॉस्टवूड इंटरॅक्टिव्ह या छोट्या स्टुडिओने २०१९ मध्ये ‘रेनस्वेप्ट’ ही खुनाचा तपास करणारी साहसकथा आणि २०२१ मध्ये ‘फरगॉटन फील्ड्स’ हा बालपणीच्या घराचा निरोप घेणाऱ्या लेखकाचा खेळ काढला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधील ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा मारधाडीचा खेळ असला, तरी भारतीय पुराणकथा आणि चित्रशैली पडद्यावर किती देखणी उभी राहू शकते, हे त्याने दाखवले.

मराठीला या खेळांनी दिले ते परक्या भाषेतून दिले. टोमण्यांची लढाई, संशयिताची उलटतपासणी, शब्दावरची कोटी ही सगळी सामग्री आपल्या लोकपरंपरेत आणि रहस्यकथांत भरपूर आहे. पान्यावरून अडलेल्या मुलाला त्याच्या घरच्या शब्दांवर रचलेले कोडे मिळाले नाही, कारण ते कोणी रचले नाही. तेव्हा त्यासाठी मोठी कंपनी, भांडवल आणि परदेशी बाजार लागत असे. आज साधन मोफत आहे आणि एक लेखक व एक चित्रकार मिळून असा खेळ पुरा करू शकतात. मराठीत पॉइंट-अँड-क्लिक साहसखेळ घडावा, आणि त्याचे पहिले दृश्य मिठागराच्या बांधावरून दिसणाऱ्या खाडीचे असायलाही हरकत नाही. लहानपणी या खेळांत अडून बसलेल्या पिढीने ते काम आता हाती घ्यावे.